सूपमध्ये उभी राहिलेली पळी

मी एक मूर्ख पळी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढे शोधत बसायला नको. लाकडाची आहे, दांडा लांब, तोंड जरा बसकं. आणि कितीतरी वर्षं माझी अशी पक्की समजूत होती की या घरातला स्वयंपाक मी करते. सून मला नुसती धरते.

तुम्हीच सांगा, भाजी बुडाला लागायला लागली की आधी कोणाला कळतं? मला. उकळत्या भांड्यात उतरायचं कोणी? मी. आणि पाहुणे कौतुक कोणाचं करणार, तर सुनेचं. "काय चव आहे हो तुमच्या हाताला." तिच्या हाताला. मी आपली स्टँडमध्ये उभ्या उभ्या फुगायचे. एकदा न राहवून शेजारच्या चिमट्याला म्हटलं, "यामागे खरे कष्ट कोणाचे आहेत, हे कळतंय का रे कोणाला?"

चिमटा म्हणाला, "गॅसचे."

चिमटा हा असाच. तोंड उघडतो तेच मुळी पकडायला.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. झाडाचा चांगला भाग खुर्च्यांना गेला, त्याहून बरा भाग एका कपाटाला गेला, आणि उरल्यासुरल्या तुकड्यातून मी निघाले. त्यामुळे नात्यात खूप खुर्च्या आहेत, पण येणं-जाणं नाही. झाडाचं वय धरलं तर मी आता चाळिशीतली. पळी म्हणून धरलं तर बरीच तरुण. बाईने आपलं वय कुठून मोजायचं ते बाईने ठरवावं.

सुनेने मला विकत आणलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. आवडले म्हणून नाही. सासूबाईंच्या नव्याकोऱ्या नॉनस्टिक तव्यावर तिने स्टीलच्या कालथ्याने लांबलचक ओरखडा काढला होता. बिचारी घाबरून दुकानात गेली आणि मला घेऊन आली. सासूबाईंनी तवा पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाल्या, "औषध बरंय, पण रोगी गेल्यावर आणलंस." म्हणजे मी या घरात आले तीच माफी मागायला. पण तेव्हापासून त्या दोघींचं जमलं ते जमलंच.

घरात माणसं चारच. सासूबाई, सासरे, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. सून चष्म्याच्या दुकानात बसते आणि दिवसभर लोकांना "आता वाचता येतंय का?" विचारते. सासरे निवृत्त आहेत, म्हणजे स्वयंपाकघरातून दिवसाला पुष्कळ वेळा जातात.

या घराची एक खोड आहे. गॅसवर काही ठेवलेलं असलं की कोणालाही त्याच्या शेजारून नुसतं जाता येत नाही. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, मला उचलून एकदा ढवळायचं आणि काहीतरी टाकायचं. काय टाकलं ते मात्र कोणी कोणाला सांगायचं नाही. ही खोड कुठून आली ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी पातेल्यातच होते.

सासूबाईंना मुलाहून मोठी एक लेक आहे. सुनेच्या वन्सं. त्या शहरात बस चालवतात. उंच, खणखणीत आवाजाच्या, ब्रेक लावल्यासारख्या बोलतात. दोन वाक्यांच्या मध्ये तुम्ही जरा पुढे झुकता. काही वर्षांपूर्वी एकदा त्या जेवायला यायच्या होत्या. ड्यूटी लांबली. इकडे सगळ्यांना वाटलं, आता काही येत नाहीत. त्यात सगळ्यांना भूक लागलेली, आणि पदार्थ झाला होता झकास. मीच केला होता. (समजूत, समजूत.) बुडाचं खरवडूनसुद्धा खाऊन झालं, आणि बेल वाजली.

वन्सं दारात. युनिफॉर्ममध्ये, घामेजलेल्या, हात धुऊन थेट टेबलाशी. सुनेने पातेल्यात पाहिलं, पातेल्यात मी, आणि माझ्यात काहीच नाही.

मग त्यांना ब्रेड आणि जॅम दिला. त्यांनी तो शांतपणे खाल्ला. "जॅम छान आहे," म्हणाल्या. भांडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण भांडण मिटवता येतं. त्यानंतर येणं-जाणं चालूच राहिलं, पण कधीही आल्या तरी चपला काढता काढताच सांगायच्या, "मी खाऊन आलेय."

सासूबाई दर वेळी "बरं" म्हणायच्या आणि काढलेली जास्तीची प्लेट परत ठेवून द्यायच्या. ती प्लेट आमच्या स्टँडच्या शेजारीच असते. परत येताना ती जरा जास्तच आवाज करते.

तर असं चाललं होतं. आणि एक दिवस फोन आला.

फोन सासूबाईंनी घेतला. पलीकडून वन्संचा आवाज, तोंडात कापूस कोंबल्यासारखा. कोंबलेलाच होता. अक्कलदाढ काढली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही दिवस चावायचं नाही.

"मग खातेस काय?" सासूबाई.

"पितेय. दूध."

"दुधाने काय होतंय. ये इकडे. सूप करते ही." ही म्हणजे सून. सून तेव्हा आंघोळीला गेली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

मग वन्सं म्हणाल्या, "ते भाज्यांचं इटालियन सूप येतं का हिला? पहिल्या पगारात हॉटेलात खाल्लं होतं मी."

"येतं की," सासूबाई म्हणाल्या. "नेहमी करते."

सून बाहेर आली, केसांना टॉवेल. सासूबाईंनी फोन छातीशी धरला होता. "ती जेवायला येतेय," म्हणाल्या. "आज संध्याकाळी. आपण म्हणे इटालियन सूप नेहमी करतो."

सून म्हणाली, "अगंबाई. कधीपासून?"

"आजपासून."

आणि मग या स्वयंपाकघरात जे सुरू झालं, त्याची सर कशालाच नाही. सुनेने दुकानात सांगून टाकलं की आज तिला स्वतःलाच नीट दिसत नाहीये. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात एक दाढीवाला बाप्या सूप करून दाखवत होता, इतका निवांत की त्याला नणंद नसणार. पांढरा राजमा रात्रभर भिजवायला वेळ नव्हता, म्हणून तो गरम पाण्यात घालून वर "लवकर भीज रे बाबा" अशी विनंती केली. सासरे भाजी आणायला गेले आणि सेलरीऐवजी आधी कोथिंबीर, मग मुळ्याचा पाला, मग एकदाची सेलरी घेऊन आले. तिसऱ्या खेपेला भाजीवाल्याने म्हणे त्यांना बसायला स्टूल दिलं.

कांदा, गाजर, सेलरी सगळं इतकं बारीक चिरायचं होतं की वन्संच्या दाढेला पत्ताही लागू नये. सासूबाई चिरत होत्या. सून म्हणाली, "आई, अजून बारीक." त्या म्हणाल्या, "याहून बारीक चिरायचं तर तुझ्या दुकानातली भिंगं आण."

मग ऑलिव्ह तेल तापलं आणि मला आत सोडलं.

काय सांगू. मी आयुष्यभर पुष्कळ काही ढवळलंय, पण असा घाई नसलेला कांदा मी पहिल्यांदा पाहिला. मंद आचेवर, लाल नाही करायचा, नुसता मऊ, पारदर्शक, लाजल्यासारखा. गाजराने तेलाला रंग दिला. सेलरीचा तो हिरवा, थोडा औषधी, थोडा बागेतला वास. वर लसूण. मी गोल फिरत होते, उलटी फिरत होते, आठचा आकडा काढत होते. मग टोमॅटो पडले आणि चुर्रर झालं. फरसबी, बटाटा, झुकिनी, कोबी, एकेक उडी मारत आले. गरम पाणी आलं. राजमा शेवटी विरघळला (स्वभावाने, अजून शिजायचा होता). मला भोवळ आली. लाकडाला भोवळ येते का, विचारू नका. येते.

बाप्याने सांगितलं होतं, चीजची कडक साल फेकायची नाही, सूपमध्ये उकळत ठेवायची, तिच्यामुळे चव येते. सुनेने टाकली. मुलगा घरी आला, त्याने झाकण उचललं, म्हणाला, "यात प्लास्टिक पडलंय," आणि काढून ओट्यावर ठेवली. सुनेने परत टाकली. सासऱ्यांनी काढली. सुनेने परत टाकली. त्या सालीने दुपारभरात इतक्या फेऱ्या मारल्या की वन्संच्या बसनेही मारल्या नसतील.

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. माझं ऐका, त्या घटकेला ते सूप जगातलं सर्वांत चांगलं सूप होतं. पातळही नाही, दाटही नाही. मला वर उचललं की माझ्या कडेवरून सावकाश, मखमलीसारखं ओघळायचं.

आता राहिला होता पास्ता. इवले इवले शंख, काचेच्या बरणीत. बाप्याने तीनतीनदा बजावलं होतं, पास्ता अगदी शेवटी, पाहुणे दारात आल्यावर, आणि फक्त मूठभर. सुनेने मूठभर टाकला, आच कमी केली, झाकण तिरकं ठेवलं, मला आतच ठेवलं आणि कपडे बदलायला गेली.

सासूबाई आल्या. झाकण उचललं. बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग दाराकडे एकदा बघून पुटपुटल्या, "पुरेल ना?" आणि बरणीतून एक मूठ.

त्या गेल्या, सासरे आले. त्यांनी मला धरून ढवळलं. "पाणीच दिसतंय सगळं," असं म्हणून एक मूठ. सासऱ्यांची मूठ मोठी आहे.

मग मुलगा आला. त्याने आधी सवयीने साल काढली, वाईट वाटून परत टाकली. मग म्हणाला, "ताई नुसत्या दुधावर आहे, भुकेली असेल," आणि एक मूठ टाकली. जाता जाता वळला आणि आणखी अर्धी टाकली.

मी ओरडत होते. मला तोंड आहे हो, पण ते ढवळायचं तोंड आहे. मी आतून बघत होते. ते शंख आधी तळाशी निजले. मग एकेकाने अंग फुगवायला सुरुवात केली. सूप पीत होते. घटाघट. एकमेकांना ढकलत होते, पाय पसरत होते, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांसारखे. हे बघता बघता मला हसू यायला लागलं, भीतीही वाटायला लागली, आणि मग लक्षात आलं की मला हलता येत नाहीये.

बेल वाजली.

वन्संचा गाल आत लिंबू ठेवल्यासारखा फुगला होता. चपला काढता काढता त्यांनी सवयीने सुरुवात केली, "मी खाऊन..." मग स्वतःच थांबल्या आणि गालाला हात लावून टेबलाशी येऊन बसल्या. सासूबाईंनी ती जास्तीची प्लेट नाही, सरळ मोठा बाऊल काढला. तो पदराने पुन्हा एकदा पुसला.

सुनेने झाकण उचललं.

मी मधोमध ताठ उभी होते. कोणाचाही आधार न घेता. माझ्याभोवती शंखांचा डोंगर, त्यात गाजराचे ठिपके, आणि प्यायचा असा एक थेंबही नाही.

मुलाने पुढे होऊन मला धरलं आणि ओढलं. माझ्याबरोबर अख्खं पातेलं गॅसवरून वर आलं.

"सोड," सासरे म्हणाले. "हळू सोड. लिफ्ट नाही ती."

सुनेचा चेहरा पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र चांगलं पातळ होतं. "मी मूठभरच टाकला होता," ती म्हणाली. "देवाशप्पथ मूठभरच."

"मीपण मूठच," सासरे म्हणाले.

"मी दीड," मुलगा म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाऊलकडे बघत होत्या. "तिला कमी पडू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "परत."

'परत' हा शब्द इतका हळू आला की गॅसच्या आवाजात हरवला असता. पण वन्सं बस चालवतात. मागच्या सीटवरचं ऐकायची सवय आहे त्यांना.

त्या उठल्या. मला वाटलं संपलं, निघाल्या. त्या ओट्याशी आल्या, पातेल्यात वाकून बघितलं, माझ्या दांड्यावर टिचकी मारली. मी हललेसुद्धा नाही.

"हे मला सुरीने प्यायचंय का?" म्हणाल्या.

मुलाला हसू फुटलं. मग सासऱ्यांना. सूनसुद्धा नाक पुसत हसायला लागली. वन्सं हसल्या नाहीत, कारण हसलं की टाके ओढले जात होते. त्या गाल दाबून म्हणाल्या, "हसवू नका, दुखतंय. मोठं पातेलं काढा. पाणी उकळा. तू, बाजूला सरक. बाबा, खुर्चीवर बसा, मधे उभं राहू नका."

मग सूपचा ताबा त्यांच्याकडे गेला. उकळतं पाणी ओतलं. शंखांनी तेही प्यायलं. आणखी ओतलं. पातेलं भरलं, तेव्हा अर्धं दुसऱ्यात काढलं. ते जास्तच पातळ झालं, म्हणून टोमॅटो घातले. मग दुसरं भरलं, म्हणून कुकर काढला. मग कुकर भरला. सासूबाई म्हणाल्या, "केटल देऊ का?" आणि खरंच दिली. बाप्याचा व्हिडिओ कधीच संपला होता. कोणाच्या लक्षात नव्हतं. खिडक्यांवर वाफ धरली. सगळे एकदम बोलत होते आणि कोणीही कोणाचं ऐकत नव्हतं. म्हणजे घर ताळ्यावर आलं होतं.

ढवळत होत्या वन्सं. सुनेच्या हातात मी नेहमी गोल फिरते. वन्संनी मला स्टिअरिंगसारखं वळवलं. एका वळणावर दांड्यात कट् असं झालं. मला कळलं काय झालं ते. पण तेव्हा मी इतकी खुशीत होते की म्हटलं, बघू नंतर.

सगळ्यांत मऊ भाग चाळणीवर दाबून पहिला बाऊल भरला, तो वन्संचा. त्यांनी दुखऱ्या गालाची बाजू सोडून एक घोट घेतला. चौघं समोर उभे राहून बघत होते.

"बसा की," वन्सं म्हणाल्या. "मी काय टीव्ही आहे?"

चौघं बसले, बघतच राहिले.

"बरंय," त्या म्हणाल्या. आणखी एक घोट घेतला. "हॉटेलात होतं तसं नाहीये."

सुनेने मोबाइल पालथा ठेवला.

"तिथे एवढंसंच दिलं होतं," वन्सं म्हणाल्या, आणि बाऊल पुढे केला. "अजून आहे का?"

"आहे," चौघं एकदम म्हणाले.

आणि होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, दुपारी होतं. वरच्या मजल्यावर गेलं, खालच्या मजल्यावर गेलं, रात्रपाळीच्या वॉचमनने दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतलं. वन्संनी मोठा डबा भरून डेपोत नेला. तिथल्या ड्रायव्हर लोकांनी निरोप पाठवला की छान होतं, पण पिशवीतून सांडलं नाही हे कसं काय. कसं सांडणार? डेपोत पोचेपर्यंत शंखांनी परत प्यायलं होतं.

माझं मात्र निदान झालं. उभी चीर, दांड्याच्या मध्यापासून तोंडापर्यंत. चीर पडलेल्या लाकडात जुनं काहीबाही अडकून राहतं, मग ते स्वयंपाकाला चालत नाही. सुनेने मला धुतलं, पुसलं, खिडकीत धरून बघितलं. मी मनात निरोपाचं भाषण जुळवलं. ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यातली आहे हो ही," कचऱ्याच्या डब्याशी तशीच उभी राहिली, आणि मग मला ओट्याच्या कोपऱ्यात टेकवून गेली.

वन्सं पुढच्या आठवड्यात परत आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आल्या त्या सरळ ओट्याशी, झाकण उचललं, वास घेतला आणि चिमूटभर मीठ टाकलं. कोणाला सांगितलं नाही. काखेत एक छोटी कुंडी होती, तिच्यात वाकलेलं रोप. "घरी ऊन नाही मिळत याला," म्हणाल्या, "तुमच्या गॅलरीत राहू दे. मी येईन पाणी घालायला." मग त्यांना मी दिसले. "हिला फेकताय का? द्या इकडे." मला उलटं धरलं, दांडा मातीत खुपसला आणि रोप सुतळीने माझ्या अंगाला बांधलं.

तेव्हापासून मी गॅलरीत असते. ऊन चांगलं येतं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की आतले आवाज येतात. चिमटा दिसतो. माझ्या जागी आता एक नवी पळी आहे, सिलिकॉनची, गुलाबी. तिला वाटतं स्वयंपाक तीच करते. मी काही बोलत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगायचं होतं, म्हणून एवढं बोलले. गॅसवर काही ठेवलेलं दिसलं तर झाकण खुशाल उचला. पण काही टाकायच्या आधी घरात एक हाक मारून विचारा, कोणी टाकलंय का. आणि वाढायला घेताना एकदा माणसं मोजा, कोण यायचं राहिलंय ते बघा, आणि त्याचं आधी काढून ठेवा. ब्रेड-जॅमला माझी ना नाही. पण तो एकट्याने खायचा पदार्थ नाही.

काल या रोपाला पहिलं फूल आलं, पांढरं, नखाएवढं. मला भरून आलं. वन्सं दर आठवड्याला येतात, पाणी घालतात, जेवून जातात, आणि हे रोप त्यांच्या पायगुणाने वाढतंय. मी त्याला जवळ घेतलं (म्हणजे सुतळीने आम्ही जवळच आहोत) आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कांदा, सेलरी, शंख, सगळं. म्हटलं, "बाळा, घाई करू नकोस. सावकाश मोठा हो, लाल हो, रसाळ हो. या घरात पुढचं सूप होईल ना, त्यातला पहिला टोमॅटो तुझा असेल. आणि मी इथून बघेन."

रोपाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालं, "मावशी, मी मिरची आहे."